एक मीटरच्या आत

१७ नोव्हेंबर २०२३, सोलापूर

त्या दिवशी नळाला पाणी लवकर आलं होतं. मी दोन हंडे भरले, स्टुडिओचं शटर वर करून दारात पाणी मारलं आणि तव्यावर सिलिकाचे खडे भाजायला टाकले. लेन्सच्या डब्यात ओल धरू नये म्हणून हे खडे ठेवतात. ओल पिऊन ते गुलाबी होतात, भाजले की परत निळे. दर शनिवारचं माझं ते काम. रंग बदलताना बघायला ह्यांना आवडायचं, म्हणून मी हाक मारली. ते आले नाहीत. आतल्या खोलीत खुर्चीत बसले होते, मांडीवर पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स, हातात मऊ फडकं. खडे करपून गेले. त्याला दोन वर्षं झाली.

आज ते आठवलं, कारण आज सकाळी इथे खालिदच्या स्टुडिओत मी तसेच खडे भाजले आणि ते छान निळे झाले.

काल दुपारी दुधनीहून आले. एक ट्रंक, एक पिशवी आणि ह्यांच्या लेन्सचा डबा. खालिद स्टँडवर घ्यायला आला होता. तो ह्यांच्या हाताखाली शिकला, तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं, आता दाढीत पांढरे केस आहेत. विजापूर वेशीजवळ त्याचा स्टुडिओ आहे. खाली दुकान, वर दोन खोल्या. एकीत त्याची आई अजीजाआपा, दुसरी मला. आपांनी आल्या आल्या चहा दिला आणि सांगून टाकलं की घर आपलंच समजायचं, फक्त त्यांच्या कोंबडीला शुक शुक करायचं नाही, ती रुसून दोन दिवस अंडं देत नाही. मी मोठ्याने हसले. आपल्याच हसण्याचा आवाज ओळखीचा वाटला नाही.

माझी मुलगी इंद्रायणी, आमची इंदू, जुळे सोलापूर भागात असते. सातवा महिना लागलाय. रिक्षाने वीस मिनिटं. याहून जास्त मला काय पाहिजे.

ही जाड वही ह्यांची. पुढून त्यांनी लिहिलंय: कोणाचा फोटो, कोणती लेन्स, उजेड किती. मी ते कधी वाचलं नाही, आकडेच दिसतात. निम्मी वही कोरी राहिली, म्हणून मी ती उलटी करून मागून सुरुवात केलीय. शाळा चौथीपर्यंत, पण दुधनीच्या वाचनालयातलं पुस्तक सोडलं नाही. लिहायला जमेल.

२१ नोव्हेंबर

कामाचं लिहून ठेवते.

खालिद लग्नाचा व्हिडिओ करतो, पण त्याला तो फिल्म म्हणतो. पूर्वी लग्नाच्या कॅसेटमध्ये सगळंच दिसायचं. नवरी, तिच्यामागची भांडी, भांड्यांमागे झोपलेला काका. आता लोकांना सिनेमासारखं पाहिजे. नवरीचा डोळा लख्ख आणि मागचं सगळं लोण्यासारखं वितळलेलं. त्यासाठी कॅमेऱ्याच्या आतला उजेड पकडणारा सेन्सर मोठा लागतो आणि पुढे फोटोची, तोंड मोठं उघडणारी लेन्स. खालिद म्हणतो, माणसाचा चेहरा जुन्या लेन्सनेच घ्यावा, नवीन लेन्स चेहरा धुऊन इस्त्री करून देतात. म्हणून त्याला ह्यांची पंच्याऐंशी पाहिजे होती. मी म्हटलं, लेन्स एकटी येणार नाही, मीही येणार. त्यालाही तेच हवं होतं.

कारण ही लेन्स आपोआप फोकस करत नाही. हातानेच करावा लागतो. आणि स्पष्ट दिसणारी पट्टी किती जाड? दोन बोटं. डोळा धरला तर कान गेला. फोटोत एक क्षण साधला की झालं. इथे माणूस चालतो, आणि त्याच्याबरोबर फोकस चालवावा लागतो. खालिदने कॅमेरा सांभाळायचा, मी शेजारी उभं राहून छोट्या पडद्यात बघत फोकसचं चाक फिरवायचं. चाकावर पांढरी चिकटपट्टी लावून मी पेन्सिलीने खुणा केल्यात: एक मीटर, दीड, दोन, तीन, पाच, आठ. शिंप्याच्या टेपने अंतर मोजते आणि त्या खुणेवर चाक आणते. दुधनीत तीस वर्षं ह्यांच्यासाठी मीच अंतर मोजत होते.

एक मीटरच्या आतलं ह्या लेन्सला दिसत नाही. त्याहून जवळ आलेलं सगळं नुसता धूर.

आणि ही उलटी फिरते. खालिदच्या बाकी लेन्सवर जवळ यायचं तर चाक उजवीकडे, हिच्यावर डावीकडे. मनाला सांगत राहावं लागतं.

२५ नोव्हेंबर

इंदू आली होती. ट्रंकेतले जुने फोटो काढून बसलो. ह्यांच्या फोटोची दुधनीत चेष्टा व्हायची. नारायणरावांच्या फोटोत वहिनी तेवढ्या लख्ख, बाकी घर, अंगण सगळं धुक्यात, असं शेजारचे म्हणायचे. खरंच होतं ते. फोकस माझ्यावरून हलायचा नाही. ते म्हणायचे, मी दुसरीकडे धरतो गं, पण बोट तिकडे जातच नाही.

इंदूच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता. त्याचा एकच फोटो आहे, माझ्या मांडीवर, पंधरा दिवसांचा असतानाचा. माझ्या पदराची जर मोजून घ्यावी. बाळ म्हणजे दुपट्यात गुंडाळलेला धूर. वीस दिवसांचा होऊन गेला. मला आता त्याचा चेहरा आठवत नाही, आणि फोटोतही तो नाही.

इंदूने विचारलं, बाबांनी मला पंच्याऐंशीने कधीच का घेतलं नाही, मी काय एवढी वाईट दिसायचे? मी म्हटलं, तू एका जागी बसायची कुठे.

२९ नोव्हेंबर

पहिलं लग्न. अक्कलकोटकडचे लोक, कार्यालय होटगी रोडला. मांडवात निम्मं कानडी, निम्मं मराठी. माझ्यासारखीने लग्नात मागच्या खुर्च्यांवर बसायचं असतं. इथे मी अक्षतेच्या वेळी सगळ्यांच्या पुढे, नवरीपासून दीड मीटरवर. दोन बायका कुजबुजल्या. नवऱ्या मुलाच्या आजोबांनी, रुद्रप्पांनी, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, ऊट आयिता? जेवलीस का? मी कानडीतच नाही म्हटलं, तर स्वतः उठून हुग्गीची, गव्हाच्या खिरीची वाटी आणून दिली. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस.

नंतर त्यांनाच खुर्चीत बसवून खालिदने घेतलं. मी दोन मीटरवर त्यांचा डोळा धरला होता. मागे सगळं वितळलेलं होतं, दिव्यांचे गोळे, साड्यांचे रंग. त्यात एक माणूस उभा होता. बाकी रंग हलत होते, तो हलत नव्हता. डावा खांदा उतरलेला. तीस वर्षं त्या खांद्याला कॅमेऱ्याची बॅग लटकलेली असली की खांदा तसा होतो.

मी चाक फिरवलं. विचार केला नाही, बोटांनीच केलं. आठ मीटरच्या खुणेवर त्याचा शर्ट स्पष्ट झाला. मग खालिद खाकरला आणि मी परत रुद्रप्पांवर आले.

मान वर करून बघितलं तर तिथे नुसतं पाण्याचं पिंप होतं.

४ डिसेंबर

रुद्रप्पा आज सकाळी गेले. दाढी करता करता. खालिद म्हणाला, वय झालं होतं काकू, नातवाचं लग्न बघून गेला, नशीबवान. मी पण तेच म्हटलं.

व्हिडिओ लावून बघितला. मागे उभा असलेला तो माणूस खालिदलाही दिसतो, पण त्याला तो उजेडाचा डाग वाटतो. जुन्या लेन्समध्ये असं होतं, म्हणाला, आणि गिऱ्हाइकाला हेच आवडतं.

माझ्या मनात काय आलं ते लिहिते, कारण लिहिलं नाही तर खोटं होईल. मला भीती वाटली नाही. मला वाटलं, पुढचं लग्न कधी आहे.

१० डिसेंबर

मंद्रूपला लग्न. नवरीची मावशी गोजाबाई, चाळिशीची, खणखणीत. ती खालिदला म्हणाली, “ते नळकांडं माझ्याकडं नगं करू बाबा, मी लई काळी दिसती, पुन्यांदा नवरा सोडून जाईल.” सगळा मांडव हसला. मग स्वतःच पदर नीट करून समोर येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, “ताई, घ्या की. हसू का गप राहू?”

हसा, मी म्हटलं.

तिच्या मागे ते उभे होते. पाच मीटर. मी मुद्दाम फिरवलं. आज बोटांवर ढकलणार नाही. शर्टाची बटणं दिसली, तिसऱ्या बटणाला मी लावलेला वेगळ्या रंगाचा दोरा दिसला. चेहरा नाही दिसला. आजूबाजूच्या खुर्च्या स्पष्ट, गळ्यापर्यंत सगळं स्पष्ट, आणि वर चेहऱ्याच्या जागी धूर. मी पुढे-मागे केलं, सापडला नाही. आणि तेवढा वेळ गोजाबाई पडद्यावर रंगाचा एक डाग होऊन हसत होती.

१५ डिसेंबर

गोजाबाई गेली. धुणं पिळताना पडली, उठली नाही. पाच दिवस. रुद्रप्पांनाही पाचच.

१६ डिसेंबर

आठ मीटर, मग पाच. ते माझ्याकडे येतायत. मधे जो उभा असतो आणि ज्याच्यावरचा फोकस मी सोडते, तो जातो.

हे वाचायला वेड्यासारखं दिसतं. मला वेड लागलेलं नाही. मी आज दहा माणसांचा स्वयंपाक केला आणि मीठ बरोबर पडलं.

खालिदला सांगितलं. त्याने हातातला कॅमेरा बंद करून ठेवला. मग हळूच म्हणाला, काकू, मलाही काकांची आठवण येते. ही लेन्स काही दिवस डब्यात ठेवू म्हणाला. अजीजाआपांनी माझ्यावरून लिंबू-मिरची उतरवली आणि विचारलं, “कायकू रडती गे, आदमी गया तो गया, दिल कू समझाव.” मी रडत नव्हते.

५ जानेवारी २०२४

लग्नं बंद आहेत, धनुर्मास. रोज सकाळी सरावाला बसते, खालिदच्या दुसऱ्या लेन्सवर. खुर्ची ठेवायची, कोंबडी चालत यायला लागली की तिच्यावर फोकस धरून आणायचा. जवळ यायचं तर उजवीकडे. उजवीकडे. आता हात आपोआप जातो. मागच्या धुरात कोणी नसतं. बरं वाटतं. आणि खूप एकटं वाटतं.

१४ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी, रिक्षा मिळेना, चालतच इंदूकडे गेले. तिचं डोहाळजेवण सातव्यात राहून गेलं होतं, आता नवव्यात करायचं ठरलंय, अठरा तारखेला. खालिद फिल्म करणार. इंदूला बाबांच्या पंच्याऐंशीनेच पाहिजे. मी नको म्हटलं. लेन्सला बुरशी आली म्हटलं. तिने फोन लावून खालिदला विचारलं, बुरशी आलीय का हो दादा? तो म्हणाला, नाही तर.

मग ती रडायला लागली. बाबांनी घेतलं नाही, आता तूही घेत नाहीस. जावई हृषीकेश मला स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि म्हणाला की आई, डॉक्टरांनी हिचं ब्लडप्रेशर जपायला सांगितलंय, तुम्ही एवढं मनावर घेऊ नका, लेन्सच तर आहे.

नववा महिना लागलेल्या पोरीला मी काय सांगू? तुझा बाप येतोय म्हणून?

ठरवलंय. चाक माझ्याच हातात असेल. दुसऱ्या कोणाच्या देणार नाही. मी तिच्यावरून फोकस हलवणार नाही, मागे कोणीही उभा राहो. मला तेवढं येतं.

१८ जानेवारी

सगळं आत्ताच लिहून काढते, नंतर लिहवलं नाही असं व्हायला नको.

हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळ्याऐवजी सजवलेली खुर्ची. तीन मीटरवर. ओटी भरायला पाच सवाष्णी. मी त्यात नव्हतेच, मी चाकापाशी होते, आणि तिथेच मला बरं वाटत होतं. ते खुर्चीच्या मागे होते. अगदी मागे, हात पाठीवर ठेवल्यासारखे. मी बघितलं नाही. इंदूच्या डाव्या डोळ्याची पापणी धरून ठेवली. एक तास. घाम कानापर्यंत आला, पण पापणी सोडली नाही.

शेवटी वाट्या आल्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. तिने उचलली, बर्फी निघाली. सगळ्या हसल्या. आणि इंदू बर्फी घेऊन उठली. पहिला घास आईला म्हणाली, आईला कोणी विचारलंच नाही. आणि सरळ माझ्याकडे चालत आली.

तीन मीटर, अडीच, दोन. मला जवळ यायचं होतं. मी चाक उजवीकडे फिरवलं.

उजवीकडे. महिनाभर उजवीकडेच फिरवत होते.

फोकस मागे गेला. खुर्ची स्पष्ट झाली, फुलं, आणि खुर्चीमागे ते. चेहऱ्यासकट. कानाजवळचा तीळ, चष्म्याची दांडी, सगळं. माझ्याकडे बघत होते. मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभी होते, तिकडे बघत होते.

चूक कळायला क्षण लागतो. ती कळली होती. तरी मी चाक लगेच फिरवलं नाही. एक, दोन, तीन. तीन मोजेपर्यंत मी त्यांच्याकडे बघत राहिले. दोन वर्षांनी बघत होते.

मग ओठांना बर्फी लागली. इंदू समोर उभी होती. आई, आ कर, म्हणत होती. पडद्यावर ती एक हिरवा डाग होती.

मी बर्फी खाल्ली.

१९ जानेवारी

पाच दिवस म्हणजे तेवीस.

आज दुकान बंद असताना एकटीने कॅमेरा लावला. खुर्ची दीड मीटरवर, मागची भिंत तीन मीटरवर. टेपने दोनदा मोजलं. चाक तीनवर ठेवून चिकटपट्टीने बांधून टाकलं. म्हणजे भिंत स्पष्ट, मी धूर. मग रेकॉर्डिंग चालू करून समोर बसले. म्हटलं, मला घ्या, तिला सोडा. पाच मिनिटं बसले.

लावून बघितलं. भिंत धूसर आहे. मी लख्ख आहे. पापण्या मोजता येतील.

चाक तीनवरच आहे. पट्टी जशीच्या तशी.

माझ्या मागे कोणी दिसत नाही. चाकापाशी उभा असलेला माणूस चित्रात येत नाही. ते मला धूसर होऊ देत नाहीत.

२० जानेवारी

सकाळी कंबर तलावावर गेले आणि पंच्याऐंशी पाण्यात टाकली. खालिदला सांगितलं. तो रागावला नाही. त्याचा चेहरा बघून वाटलं, रागावला असता तर बरं झालं असतं.

इंदूला फोन केला. मजेत आहे. बाळ लाथा मारतंय.

२१ जानेवारी

वही पुढून उघडली. ह्यांचं अक्षर आणि माझं नाव.

“८५. रुक्मिणी व बाळ. खिडकीचा उजेड. फोकस रु.वर.” खाली वेगळ्या शाईने, “पाचवा दिवस.”

चार पानांनंतर. “८५. रुक्मिणी व आई. फोकस रु.वर.” खाली, “पाचवा दिवस.” सासूबाई.

मग इंदूच्या जन्माची तारीख, आणि, “इंदूवर ही लेन्स कधीही नाही. रु. शेजारी असताना कोणावरच नाही.” आणि त्याखाली अगदी बारीक, “दोष लेन्सचा नाही. माझी नजर तिच्यावरून हलत नाही.”

दोष लेन्सचा नाही.

मी पाण्यात काय टाकून आले?

२२ जानेवारी

इंदूकडे राहायला आलेय. तिच्या खोलीत जायचं नाही, तिच्या आणि माझ्या मधे भिंत ठेवायची — पण भिंत असली तरी मधे तीच — कुठेही उभी राहिले तरी — आज चार वेळा हाक मारली तिने. आई, इकडे ये ना. मी कामात आहे म्हटलं.

हृषीकेशला म्हटलं, आजच दवाखान्यात ने. त्याने नेलं. डॉक्टरांनी तपासलं, सगळं उत्तम, परत पाठवलं.

२३ जानेवारी

सकाळी कळा सुरू. मुलगी झाली, अकरा वाजता.

इंदू साडेबाराला.

रक्त थांबलं नाही म्हणाले. मी दारात होते. तिने मान वळवून बघितलं, आणि मला — माझे डोळे कोरडे होते, पाणी नव्हतं त्यात — मला तिचा चेहरा दिसला नाही. उशीचा अभ्रा दिसला. अभ्र्यावरचा शिक्का वाचता आला.

२६ जानेवारी

कोणी मला दोष देत नाही. सगळे पाठीवरून हात फिरवतात. खालिदने इंदूची फिल्म पुसून टाकू का विचारलं. नको म्हटलं. बघायची पण नाही.

ते आता दिसत नाहीत. कुठे आहेत ते कळतं. मानेवर ऊब लागते. फडक्याने लेन्स पुसायच्या आधी तिच्यावर फुंकर घालायचे तशी.

एक मीटरच्या आत.

२८ जानेवारी

बाळ घरी आलं. हृषीकेशला आई नाही, म्हणून अजीजाआपा इथेच येऊन राहिल्यात. मी बाळाला घेत नाही. आपा म्हणतात, दुःखाने असं होतं, घे, मांडीवर घे, छाती हलकी होईल. मी घेत नाही. आपा आज रागावल्या. “बिनमाँ की पोर, अन् तू आजी असून हात लावीना?”

वहीची पानं संपत आलीत. माझ्या आणि ह्यांच्या अक्षरांच्या मधे दोन उरली.

२९ जानेवारी

मी स्वयंपाकघरात होते. आपांनी मागून येऊन मांडीवर ठेवलंच.

दुपटं स्पष्ट. टाका न् टाका. मधे —

डोळे चोळले. लांब धरलं, जवळ धरलं. रडतंय ते ऐकू येतं, वास येतो, वजन कळतं. तोंड नाही. कोणत्याच अंतरावर नाही. माझ्याच हाताची नखं लख्ख —

आपांकडे दिलं. त्या दाराजवळ गेल्या तसं तोंड दिसायला लागलं. अंगणात गेल्या तेव्हा पूर्ण दिसलं. मूठ, नाक, सगळं. इंदूचं नाक.

म्हणजे मी लांब गेले तर. ते माझ्या मागे येतील. ते माझ्यासाठीच येतात, पोरीसाठी नाही. मधे कोणी नसलं म्हणजे झालं. आज पहिला दिवस, अजून —

शेवटचं पान. खाली ह्यांचे आकडे दिसतायत.

पान संपलं, आता ह्यांच्या आकड्यांवरूनच लिहितेय. दुसऱ्या दिवशी मी पाणी भरलं, बाळाची दुपटी धुऊन वाळत घातली, कोणाला न सांगता पिशवी उचलली आणि दुधनीची गाडी धरली. पाठीमागे कोणी नको म्हणून अगदी शेवटच्या बाकावर बसले. गाडी भरली, कंडक्टरने घंटी मारली, आणि मी मान वर केली तर पुढच्या सगळ्या बाकांवरची माणसं नुसता धूर —